मध्ये खांब नको

ठाकुरद्वार, गिरगाव
८ नोव्हेंबर १९५९

रघ्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र फाडणार, हे मला ठाऊक आहे. फाडण्याआधी एवढं वाच. जानेवारी छप्पन्नमध्ये इराण्याच्या हॉटेलात टेबलावर कप आपटून तू म्हणालास, की मुंबई महाराष्ट्राला मिळेपर्यंत मी तुझ्याशी एक शब्द बोलणार नाही. सगळ्या हॉटेलानं ऐकलं. पण बोलणार नाही म्हणालास. वाचणार नाही, असं कुठे म्हणालास? ह्या मुद्द्यावर मी जवळजवळ चार वर्षं विचार केला आहे आणि माझी बाजू भक्कम आहे.

काम असं आहे. परळची आमची वाडी तुला आठवत असेल. भायखळ्याला टेक्निकलमध्ये असताना वर्ग बुडवून आपण तिथे कैऱ्या पाडायला जायचो. तिथे आता माझी लेक नलू घोडेस्वारीचा क्लास चालवते. चार घोडे आहेत. गिरगाव-दादरच्या मुली येतात, दोन-तीन तुमच्या लालबागच्याही आहेत. आठ महिने सगळं झकास चालतं. मग पावसाळा लागला की वाडीत गुडघाभर चिखल. घोडे तबेल्यात उभे राहून खातात, मुली घरी बसतात आणि निम्म्या परत येतच नाहीत.

आमचे थोरले बंधू अण्णा तुला माहीतच आहेत. त्यांच्या शब्दाबाहेर आमच्या घरात मांजरही जात नाही. त्यांनी सांगून टाकलंय, येत्या पावसाळ्यात क्लास पुन्हा बंद पडला तर घोडे विकायचे आणि वाडीवर चार मजली इमारत उठवायची. नलू ह्यावर काही बोलत नाही. जेवते, ताट उचलते, वाडीत जाते. लहानपणी ताप चढला की ती अशीच गप्प व्हायची, म्हणून मला भीती वाटते.

तेव्हा छप्पर हवं. लोखंडी सांगाड्याचं, पत्र्याचं, एवढं ऐसपैस की बाहेर धो धो पाऊस असला तरी आत घोडे दौडवता येतील. तीन कंत्राटदार येऊन गेले. एकानं विचारलं, घोडे किती मजल्यांवर राहणार. दुसऱ्यानं लग्नाच्या हॉलचा नकाशा आणला. तिसऱ्यानं घोडे पाहिले आणि तो फाटकातूनच परत गेला. मग मला तुझी आठवण आली. म्हणजे ती अधूनमधून येतेच, ह्या वेळी कामासाठी आली.

तुला माझ्याशी बोलावं लागणार नाही. रविवारी मी वाडीत फिरकणार नाही. तू ये, बघ, मापं घे, जा.

तुझा (हे तुझ्या परवानगीशिवाय लिहितोय),
कमळ्या


लालबाग
१५ नोव्हेंबर १९५९

श्री. कमलाकांत धैर्यवान यांस,
सा. न. वि. वि.

आपलं पत्र पोहोचलं. फाडलेलं नाही. बोलणं आणि लिहिणं ह्यांतला आपला फरक वकिली आहे, पण तो मला खोडता आला नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. माझा राग उगाच आलेला नव्हता. त्याच आठवड्यात आमच्या मजल्यावरचा दगडू पेडणेकर रस्त्यावर गोळी लागून गेला. दूध आणायला खाली उतरला होता. त्याच्या चौथ्या दिवशी आपण चहात बिस्किट बुडवून म्हणालात, मुंबई वेगळी राहिली तर आपलं काय जातं. आपल्याला दगडू माहीत नव्हता, हे मला कळतं. तरी माझा शब्द मी मागे घेतलेला नाही आणि मुंबई मिळेपर्यंत घेणार नाही.

नलूला मी कडेवर घेऊन राणीच्या बागेत हत्ती दाखवलेला आहे. तिच्यासाठी शेड होईल. गिरणीच्या मेकॅनिक खात्यात तीस वर्षं शेडीच उभ्या करतो आहे, त्यात घोड्यांची एक. लांबी किती, रुंदी किती, उंची किती आणि जमीन कशी, एवढं कळवावं. बाकी मजकूर नसला तरी चालेल.

आमच्या मंडळींनी विचारलं पत्र कुणाचं. गिऱ्हाइकाचं, असं सांगितलं आहे.

आपला,
रघुवीर परब


ठाकुरद्वार
१८ नोव्हेंबर १९५९

श्रीमान रघुवीरराव परब यांच्या सेवेशी,

लांबी एकशेवीस फूट, रुंदी साठ. उंचीसाठी एक घोडा धरा, त्यावर माणूस धरा आणि माणसाच्या डोक्यावर फेटा धरा. जमीन मुरमाची, पाणी पश्चिमेकडे वाहतं. बाकी मजकूर नसला तरी चालेल म्हणालात, म्हणून आंबेमोहोराचा भात आणि कोळंबीचं आटलं झालं होतं हे लिहीत नाही. पूर्वी ह्याच्या वासानं तुम्ही लालबागहून चालत यायचात.

आपलं,
गिऱ्हाईक


लालबाग
२० डिसेंबर १९५९

श्री. धैर्यवान यांस,

नकाशा सोबत आहे. पाच रविवार वाडीत येऊन केला. चार ओळी समजुतीसाठी लिहितो.

नवं लोखंड परमिटाशिवाय मिळत नाही आणि परमिटाची वाट पाहिली तर आपले घोडे म्हातारे होतील. पण लोअर परळला एक गिरणी जुनं विणाईचं खातं उतरवते आहे. तिथला सगळा सांगाडा भंगारात निघतोय. छपराखालच्या लोखंडी कैच्या, बिडाचे खांब, पत्रे, सगळं. मी बोलून ठेवलं आहे. माल अस्सल विलायती आहे, रिव्हेटसुद्धा हललेले नाहीत.

पंधरा-पंधरा फुटांवर खांब. वर छप्पर करवतीच्या दातांसारखं, प्रत्येक दाताला उत्तरेकडून काच, म्हणजे दिवसभर उजेड येतो आणि ऊन येत नाही. आजवर केलेल्या नकाशांत हा मला सगळ्यांत जमलेला वाटतो. ह्या छपराखाली शंभर वर्षं काम चालेल.

दिल्लीत आता आपल्या बाजूनं वारं फिरलं आहे, हे वर्तमानपत्रात वाचलंच असेल.

रघुवीर परब


ठाकुरद्वार
२४ डिसेंबर १९५९

रघ्या,

नकाशा पाहिला. देखणा आहे. उजेडाची योजना तर अशी की अण्णासुद्धा चष्मा लावून बघत बसले. मला फक्त एवढंच विचारायचंय, की मधोमध जे एकवीस खांब आहेत ते घोड्यांना कुणी समजावून सांगायचे?

बाबा रे, तू विणाईचं खातं काढलंयस. माग जागेवर उभा राहतो. घोडा त्या हेतूनं जन्माला आलेला नाही. नलूची एखादी विद्यार्थिनी दौडत निघाली तर तिसऱ्या उडीला पहिला खांब. तो चुकवला तर दुसरा. आमच्याकडे एक तरणा घोडा आहे, त्याला सरळ जायचं तेवढंच येतं. तो तुझा अस्सल विलायती माल आडवा करील, नाहीतर तो माल त्याला करील.

नलू नकाशा बघून जमिनीवर बसून हसली. किती तरी महिन्यांनी हसली, त्याबद्दल तुझे मनापासून आभार. पण मध्ये खांब नको. एकही नको.

तू असं कर, एकदा घोड्यावर बसून बघ. मग तुला कळेल जागा कशाला लागते.

कमळ्या


लालबाग
२८ डिसेंबर १९५९

श्री. धैर्यवान,

तीस वर्षं मी यंत्रांवर छप्पर घालतो आहे. एकही यंत्र माझ्या छपराखालून पळून गेलेलं नाही. हा दोष माझा नाही, आपल्या जनावरांचा आहे.

साठ फूट मोकळे म्हणजे काय, ह्याची आपल्याला कल्पना आहे का? कैच्या आहेत पंधरा फुटी. त्या काय ओढून लांब करू? टेक्निकलच्या दुसऱ्या वर्षी बरोब्बर हाच धडा आला आणि त्याच दिवशी तू महालक्ष्मीला रेस बघायला पळालास, म्हणून तुला हे सोपं वाटतं.

घोड्यावर बसण्याचं माझं वय नाही. नकाशा परत पाठवावा.

रघुवीर परब

ता. क. वर एके ठिकाणी 'तू' पडलं आहे. ते 'आपण' वाचावं.


ठाकुरद्वार
३१ जानेवारी १९६०

रघ्या,

महिना उलटला, तुझ्याकडून अक्षर नाही. नकाशा मी पाठवला नाही, तो माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. तुझा अपमान करायचा नव्हता रे. मला थट्टेशिवाय लिहिता येत नाही, हे तुला चाळीस वर्षांपासून माहीत आहे.

वाडीचा माळी सांगतो, परबसाहेब दर रविवारी येतात, दुपारपर्यंत असतात. नलूला विचारलं, काय करतात? म्हणते, मापं घेतात. मी म्हटलं, इतकी मापं? माझ्या लग्नात शिंप्यानं घेतली नव्हती. तर ती तोंड फिरवून पदराशी खेळत बसली. मी समजलो. तू तिला सांगितलं असशील की हे काम होण्यातलं नाही, आणि ते मला कसं सांगायचं, म्हणून पोर गप्प आहे. तसं असेल तर सरळ लिही. अण्णांकडे एक इमारतवाला येऊन बसायला लागलाय. परवा तो वाडीत पावलं टाकून जागा मोजत होता आणि नलू घोड्याचं खोगीर पुसत त्याच्याकडे बघत होती. ते मला बघवलं नाही, मी घरी निघून आलो.

कमळ्या


लालबाग
२१ फेब्रुवारी १९६०

कमलाकांत यांस,

काम होण्यातलं आहे. नवा नकाशा पाठवतो. मध्ये एकही खांब नाही.

जुन्या कैच्या सोडवून त्यांचे अँगल सुटे करायचे आणि त्याच लोखंडातून साठ फुटी नव्या कैच्या बांधायच्या. आमच्या खात्यातले गणपत आणि आनंदा पाळी सुटल्यावर यायला तयार आहेत. खांब सगळे कडेला. छप्पर साधं दोन उतारांचं, पन्हळी पत्र्याचं, आणि वर मध्यभागी वाऱ्यासाठी फट. घोड्यांना घाम फार येतो. करवतीचे दात गेले, त्याचं मला वाईट वाटलं. पण काय करणार.

जमिनीवर रेती आणि लाकडाचा भुसा मिसळून अंथरावा. नुसती रेती टापांखाली सरकते. भिंतीला आतल्या बाजूनं चार फूट उंचीच्या फळ्या तिरक्या लावाव्यात, खालून पुढे आलेल्या आणि वरून भिंतीला टेकलेल्या. कारण विचारू नये.

रघुवीर


ठाकुरद्वार
२५ फेब्रुवारी १९६०

रघ्या,

कारण विचारत नाही. सांगतो.

भिंतीच्या कडेनं घोडा चालला की तो हळूच भिंतीला अंग घासतो आणि स्वाराचा गुडघा मध्ये सापडतो. फळी खालून पुढे आलेली असली की घोड्याचं पाऊल लांब राहतं आणि गुडघा वाचतो. बरोबर? आता हे कुठल्या टेक्निकलात शिकवत नाहीत. पुस्तक वाचून हे सुचत नाही. हे फक्त अशा माणसाला सुचतं ज्याचा गुडघा वाडीच्या कुंपणाला घासून सोलून निघालेला आहे. आणि घोड्यांना घाम फार येतो, हे तुला कुणी सांगितलं? कुठे बसून कळलं?

मी नलूला एवढंच विचारलं, "डावा की उजवा?" तर ती म्हणाली, "दोन्ही, पण काकांना सांगू नका मी सांगितलं म्हणून."

छप्पन्न वर्षांच्या माणसा, तू घोड्यावर बसतोस आणि मला कळवत नाहीस? मी इकडे रात्रंदिवस समजतोय की तू रागावलायस.

नकाशा अव्वल आहे. अण्णांनी सही केली. म्हणाले, बांधा, पण पावसाळ्यात एकदा जरी क्लास बंद राहिला तरी माझा शब्द तो माझा शब्द.

कमळ्या


लालबाग
६ मार्च १९६०

कमलाकांत,

रागावलो होतोच. म्हणूनच बसलो. म्हटलं, ह्याला दाखवून देऊ की ह्यात काही नसतं.

नलूनं शेवंती दिली. तांबडी घोडी, स्वभावानं गरीब, असं ती म्हणाली. पहिल्या रविवारी मी चढलो आणि शेवंतीनं मान वळवून माझ्याकडे एकदा बघितलं. आमचे मॅनेजर नव्या माणसाकडे असेच बघतात. मग ती चालायला लागली. मी 'थांब' म्हणालो, 'थांब गं' म्हणालो, शेवटी 'अहो थांबा' म्हणालो. ती आंब्याच्या झाडाखाली थांबली ते फांदी माझ्या तोंडावर येईल अशा बेतानं. यंत्र बंद करायला खटका असतो. हिला कुठे काय असतं, हे कळायला मला चार रविवार लागले.

आमच्या मंडळींना कळलं तेव्हा त्यांनी गुडघ्याला हळद लावता लावता सुनावलं, "तुमी ह्या वयात घोड्यार बसतास? पडलास तर माका हाक मारूची नाय." हाक मारली नाही. दोनदा पडलो, दोन्ही वेळा गप्प उठलो.

पण एक सांगतो. गेल्या रविवारी ती पहिल्यांदा माझ्या मनासारखी वळली. अख्खं वळण, सावकाश, न अडखळता. मी तिथेच समजलो की मध्ये खांब असता तर हे सुख मिळालं नसतं. आयुष्यभर मी छपराखाली जे उभं आहे त्याचा विचार केला. जे फिरतं त्याचा पहिल्यांदाच केला. आता मला रविवारशिवाय दुसरा वार आवडत नाही.

पाया खणायला घेतला आहे. तू वाडीत यायचं नाहीस, हे ठरलेलं आहे. अजून मुंबई मिळालेली नाही.

रघुवीर


ठाकुरद्वार
२ मे १९६०

रघ्या,

काल एक मे होता. मुंबई मिळाली. महाराष्ट्र झाला. सगळ्या गिरगावानं कंदील लावले होते, आम्हीही लावला. हो, मीसुद्धा. स्टुलावर चढून स्वतः लावला, आणि अण्णा खालून म्हणाले, तुझी मतं कुठे गेली? मी म्हटलं, स्टूल धरा.

सकाळी जिलबी आणली. नलूला सांगितलं, आज रघुकाका येणार. दुपारी मी झोपलो नाही. संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसलो. रस्ता माणसांनी भरून चालला होता, त्यांतल्या प्रत्येक पांढऱ्या टोपीकडे मी बघत होतो. तू आला नाहीस.

तुझा शब्द तर काल पुरा झाला ना? की आणखी काही अट होती, जी मी ऐकली नाही? शेडीचं काम कुठवर आलं, हे विचारायला हे पत्र नाही. मला वाईट वाटलं, हे कळवायला आहे.

कमळ्या


लालबाग
४ मे १९६०

कमळ्या,

मी आलो होतो.

तीस तारखेला शिवाजी पार्कला होतो. दगडूची म्हातारी आई बरोबर होती, तिला गर्दीत धरून उभा होतो. फटाके उडाले तेव्हा ती म्हणाली, "झाला मा रे?" मी म्हटलं झालं. मग दोघंही रडलो. एक तारखेला संध्याकाळी धुतलेलं धोतर नेसून ठाकुरद्वारला आलो. तुझ्या जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत चढलो. वरून तुझा आवाज आला, तू कुणाला तरी सांगत होतास की जिलबी झाकून ठेव. आणि माझे पाय थांबले. इतकी वर्षं मनात तुझ्याशी भांडत होतो, प्रत्येक वाक्य तयार होतं. तिथे उभा राहिलो तर एकही आठवेना. चांगलं बोलायचं तर त्याची तयारीच केलेली नव्हती. शेजारचं बिऱ्हाड खाली उतरायला लागलं, तसा मी परत फिरलो.

हसू नकोस. पत्रात मला सुचतं, समोर सुचेल असं वाटत नाही. आधी शेड उभी राहू दे. शेवटच्या दोन कैच्या चढायच्या आहेत. ते झालं की मग बघू.

रघ्या

ता. क. जिलबी शिळी झाली असेल, तरी नलूबरोबर पाठव.


ठाकुरद्वार
१३ जून १९६०

रघ्या,

शेड काय उभी केलीस. अण्णा आत शिरले, वर बघत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले आणि मध्ये एकदाही कशाला आपटले नाहीत, ह्याचंच त्यांना आश्चर्य. आठ दिवस क्लास थाटात चालला. नलू घरात गुणगुणायला लागली होती.

आज पाऊस आला. म्हणजे याआधी भुरभुर होती, आज खरा आला. आणि रघ्या, तुझ्या पत्र्यावर तो जो वाजायला लागला, की देवाशप्पथ, डोक्यावर कुणी खडीची गाडी रिकामी करतंय असं वाटलं. चारही घोडे बिथरले. तरणा घोडा दोन मुलींना ओलांडून दाराबाहेर गेला, तो थेट नायगावला सापडला. शेवंती कोपऱ्यात तोंड घालून थरथरत उभी राहिली. मुलींना घरी पाठवावं लागलं. आणि नेमके अण्णा दारात छत्री घेऊन उभे. ते रागावले नाहीत, हेच वाईट. म्हणाले, "दोन आठवडे बघतो. मग इमारतवाल्याला बोलावतो."

सगळ्याचा विचार केलास, गुडघ्याचा केलास, घामाचा केलास. आवाजाचा कसा नाही केलास? नलू पुन्हा गप्प झाली आहे.

कमळ्या


लालबाग
१४ जून १९६०

कमळ्या,

तुझं पत्र वाचून मी घरी आमच्या अंबिकेला विचारलं, पत्र्यावर पावसाचा आवाज होतो का गं? ती म्हणाली, "तुमका आयकाक येणा नाय, ह्यां माका केवाच कळलां." खरं आहे ते. पाचशे माग एकदम चालतात, त्यांना लागूनच आमचं खातं, तिथे मी तीस वर्षं दिवसाचे नऊ तास काढले. माझ्या हिशेबी आवाज ही वस्तूच नाही. शेड बांधताना तू वाडीत असतास तर पहिल्याच मिनिटाला ओरडला असतास. पण तुला मीच येऊ दिलं नाही. चूक माझी, निस्तरायची मीच.

छपराखाली काथ्याच्या चटया बांधून घेतो, थोडा फरक पडेल. पण खरा उपाय दुसरा आहे. विणाईच्या खात्यात नवा माणूस आला की तो पहिल्या दिवशी कानावर हात ठेवून दाराकडे पळतो. त्याला आम्ही समजावत नाही, समजावलेलं ऐकू कुठे जातंय? त्याला एका जुन्या माणसाच्या शेजारच्या मागावर उभं करतो. जुना माणूस शांतपणे तंबाखू मळत असतो. आठवड्यानं नवाही मळायला लागतो.

तेव्हा आपल्याला एक जुना माणूस हवा. मी बघून ठेवला आहे. भायखळ्याला कुशाबाकडे वरातीचा घोडा आहे, दिलबहार नावाचा. त्याच्या कानाशी बँड वाजला आहे, पोटाखाली फटाके फुटले आहेत, तो डोळे मिटून उभा राहतो. आता चातुर्मास लागतोय, लग्नं नाहीत, कुशाबाला तो बसून पोसावाच लागणार. आपल्याकडे चार महिने राहील.

येत्या रविवारी कुशाबाच्या घरी कार्य आहे, त्याच्या पुढच्या रविवारी घेऊन येतो. तू वाडीत ये. अण्णांनाही आण.

रघ्या


ठाकुरद्वार
२६ जून १९६०, संध्याकाळ

रघ्या,

आताच घरी आलो. धोतर अजून ओलं आहे. आधी तुला लिहितो.

अंबिकावहिनींची छत्री धरून, दिलबहारचा लगाम हातात घेऊन तू फाटकातून आत आलास तेव्हा मी तबेल्याशी उभा होतो. दिलबहारच्या कपाळाला अजून कुठल्याशा लग्नाचा कलाबतूचा तुकडा चिकटलेला. तू सरळ शेडीत गेलास, त्याला मधोमध उभं केलंस, आणि पाऊस असा कोसळला की चटया असून नसून सारख्याच. दिलबहारनं एक पाय सैल सोडला आणि चक्क डुलकी काढली. शेवंती थरथरत त्याच्याकडे बघत होती. मग ती एक एक पाऊल टाकत त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तिच्यामागून बाकीचे. अर्ध्या तासानं नलूनं मुलींना वर चढवलं. त्या त्याच्याभोवती फेऱ्या घालायला लागल्या. आधी चालत, मग दुडकी. नलू मध्ये उभी राहून हातवारे करत होती आणि रडत होती, का हसत होती, मला कळलं नाही.

अण्णांचं ऐकलंस? नाही, तू कुठे ऐकणार, मला नंतर बाहेर सांगितलं. म्हणाले, "माझ्या वरातीला हा घोडा असता तर मी पडलो नसतो." रघ्या, मी तेव्हा चार वर्षांचा होतो, आणि घरात मला हे कुणी कधी सांगितलं नाही. पन्नास वर्षं माणूस घोड्यांवर खार खाऊन होता. इमारतवाल्याला नको म्हणून सांगायला ते स्वतः गेलेत. नलूची वाडी राहिली.

आता माझं. तू माझ्यासमोर येऊन उभा राहिलास. केस पार पिकले रे तुझे. मी बोललो, ते माझं मलाच ऐकू आलं नाही. मग तूही काही तरी म्हणालास. तुझं तोंड हललं, आवाज काही आला नाही. मी कानाला हात लावला. तू पुन्हा तेच म्हणालास. तेवढ्यात अण्णा मध्ये आले, कुशाबा तुला बोलवायला लागला, आणि पाऊस थांबला तेव्हा तू गेला होतास. साडेचार वर्षांनी तू माझ्याशी बोललास आणि मला त्यातला शब्दही मिळाला नाही. मला जेवण जाणार नाही.

काय म्हणालास, ते लिहून कळव. मी काय म्हणालो, ते विचारू नकोस. ऐकू जाणार नाही, ह्या भरवशावर म्हणालो होतो.

कमळ्या


लालबाग
२७ जून १९६०

कमळ्या,

विचारायची गरजच नाही. मागांच्या गोंगाटात कुणाला काही ऐकू येत नाही, म्हणून आम्ही गिरणीवाले एकमेकांचे ओठ वाचतो. तू म्हणालास, "रघ्या, तुझ्यावाचून फार एकटा पडलो रे." मग तोंड पुसल्यासारखं करून पुन्हा तेच म्हणालास.

मी दोन्ही वेळा एवढंच म्हणालो, "मी पण."

तुझा,
रघ्या